त्याच्या वाटचा बेल

मी बैलांचा दलाल. कॉलेजातल्या पोरांना नीती शिकवण्याचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा कळमनुरीतल्या शहाण्यासुरत्या लोकांना हसू आवरेना. एकानं मला तोंडावर विचारलं, बैलाचे दात घासून वय चोरणारा माणूस पोरांना काय शिकवणार? मी कधी कुठल्या बैलाचे दात घासले नव्हते, आणि हे त्याला ठाऊक होतं. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. विसरायचा माझा विचारही नाही.

माझी शाळा तिसरीला सुटली. बाप गेला आणि मामानं मला जनावरांमागं लावलं. दुसऱ्यांची जनावरं हाकत मी आखाडा-बाळापूरच्या बाजाराला न्यायचो, न विकलेली परत आणायचो, आणि त्या येण्याजाण्यात दातांवरून वय, चालीवरून खोड आणि मालकाच्या डोळ्यांवरून त्याची निकड ओळखायला शिकलो. पुढं लोक मला बोलवायला लागले. रुमालाखाली दोघांची बोटं धरून मी भाव जुळवायचो. समोर उभ्या असलेल्या माणसाला काही कळायचं नाही, पण दोन्ही बाजू माझ्या शब्दावर जनावर सोडायच्या. मी तापट होतो, शिव्या द्यायचो, पण माझा तुटलेला सौदा कुणी दाखवावा. मला एक नियम सापडला होता: सौदा उद्यावर टाकला की मोडतो. जे व्हायचं ते उभ्याउभ्या, आत्ता.

गावात एक वकीलसाहेब होते. वकिली सोडलेले, दम्यानं बेजार झालेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत औरंगाबादहून आणि हैदराबादहून आमच्या तालुक्यातली पाच-सहा कॉलेजची पोरं घरी यायची. ती नुसती बसली तर पत्ते तरी कुटतील नाहीतर कुठल्या चळवळीत सापडून आत तरी जातील, असं वकीलसाहेबांना वाटायचं. म्हणून त्यांनी आपल्या ओसरीवर दुपारचा वर्ग काढला. निजामाच्या राज्यात चार माणसं एकत्र बसायची तर परवानगी लागायची. वकीलसाहेबांनी उर्दूत अर्ज केला की हा 'अखलाकाचा', म्हणजे नीतीचा वर्ग आहे. अखलाकाला नाही कोण म्हणणार? परवानगी मिळाली. अमीनसाहेबांचा, म्हणजे फौजदाराचा, एक शिपाई मात्र रोज दाराशी येऊन बसायचा आणि भिंतीला टेकून झोपायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात वकीलसाहेबांना धड बोलवेना. त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मला वाटलं, बैल बदलायचे असतील. ते म्हणाले, पोरांना पुस्तकातली नीती पाठ आहे, तुम्ही बाजारातली शिकवा. मी विचारलं, मीच काहून? दम खात, थांबत थांबत ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नाही. पण सगळं खरंही सांगत नाही. ह्या दोन्हींच्या मधे काय असतं ते पोरांना कळायला पाहिजे."

ही स्तुती होती की टोमणा, ते मला आजही सांगता येत नाही. पण मी हो म्हणालो. तिसरीत शाळा सुटलेल्या माणसापुढं कॉलेजची पोरं बसणार, ह्याची मला गोडी लागली होती. उगाच कशाला लपवू?

पहिल्या दिवशी मी पोरांना विचारलं: बैल दिसायला देखणा आहे, पण चिखलात बसतो. गिऱ्हाइकानं सगळं विचारलं, बसतो का हे विचारलं नाही. सांगायचं का?

एकानं म्हटलं, विचारलंच नाही तर सांगायचं कशाला. दुसऱ्यानं इंग्रजी पुस्तकातलं काहीतरी सांगितलं, त्यात बैल नव्हता. तिसरा म्हणाला, दलालकाका, तुम्ही काय करता ते आधी सांगा, आणि सगळे हसले. मागं एक उंच मानेचा, काळासावळा पोरगा बसला होता. दोन कोसांवरच्या गावातला, कुणब्याचा. रोज चालत यायचा, चालत जायचा. औरंगाबादला इंटरला होता, पण बोलणं सगळं गावचं. तो म्हणाला, "गुरुजी, तो तुमाला बैल मागून राहिला. चिखलात चालणारं जनावर, त्यालाच तर बैल म्हनायचं. मंग त्यानं इचारलंच की."

इतकी वर्षं बाजारात उभा राहूनही मला हे कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, त्यानं मला गुरुजी म्हटलं होतं. बाकीचे शेवटपर्यंत दलालकाकाच म्हणत राहिले.

त्या पोरासाठी मी वर्गाची तयारी करू लागलो. घरी बायको म्हणायची, जनावरांना पाणी दाखवायचं राहिलंय आणि तुम्ही भिंतीशी काय बोलून राहिलात. मी भिंतीशी बोलायचो ते दुपारी ओसरीवर बोलायचो. एकदा विषय निघाला शपथेचा. मी सांगितलं की बाजारात जो लेकराची शपथ घेऊन बैल विकतो, त्याच्या बैलाचे दात दोनदा पाहावेत. ज्याचा शब्द धड आहे त्याला टेकू लागत नाही. मी अख्ख्या धंद्यात एकदाही शपथ घेतली नाही, हेही सांगितलं, आणि ते खरं होतं.

त्यानं विचारलं, "आन् पंचांनी देवळात बेल उचलायला सांगितला तर?"

आमच्याकडं जुनी रीत आहे. कुणावर आळ आला आणि साक्षीपुरावा नसला, की पंच त्याला महादेवाच्या देवळात नेतात. गुरव पिंडीवर बेल आणि भंडारा ठेवतो. ज्याच्यावर आळ त्यानं, नाहीतर त्याच्या बाजूनं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं, तो बेल उचलायचा आणि बोलायचं. बेल उचलला की वाद संपला. खोटा उचलला तर देव पाहून घेईल. पण मग गावही पाहून घेतं.

मी रंगात आलो होतो. म्हणालो, "तरीबी न्हाई. माझा शब्द हाये तो घ्या म्हनावं, न्हाईतर सोडा." पोरं खूष झाली. वकीलसाहेबांनी आतून खोकत दाद दिली. वर्गात बोलताना समोर पंच बसलेले नसतात. माझ्यावर कधी बेल उचलायची वेळ आलेली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. एके दिवशी सकाळीच त्या पोराच्या गावाहून एका शेतकऱ्याचा निरोप आला, की येऊन माझे बैल घेऊन जा, विकायचे आहेत. ह्या माणसाला दोन जोड्या मीच जुळवून दिल्या होत्या. पेरणी तोंडावर असताना हा बैल काहून विकतो, म्हणून मी लगेच निघालो.

गावात शिरताना जळकट वास आला. त्याची कडब्याची गंजी आदल्या दिवशी दिवेलागणीला जळून राख झाली होती. नवं गवत यायला अजून अवकाश होता. तोवर चार बैलांना घालायला त्याच्याकडं मूठभर वैरण उरली नव्हती. तो राखेपाशी उभा होता. "उपाशी मारन्यापरीस इकलेले बरे," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, देवळात चला, पंच बसलेत.

आळ आला होता माझ्या त्या विद्यार्थ्यावर. गंजी पोराच्या घरच्या विहिरीच्या वाटेत रचलेली होती, आणि त्याच दिवशी सकाळी त्यानं चार माणसांत सांगितलं होतं, की ही गंजी इथून हलली पाहिजे. संध्याकाळी ती पेटली. तो आला अंधार पडल्यावर, धापा टाकत, ओढ्याच्या बाजूनं. लोक म्हणाले, पेटवली आणि ओढ्यानं वळसा घालून आला.

पोराचं म्हणणं वेगळं होतं. वर्ग सुटल्यावर तो चालत निघाला. वाटेत एका गाडीवानानं त्याला गाडीवर घेतलं. ओढ्याशी आल्यावर दोघांना उजेड दिसला, बैल बुजले, पुढं जाईनात. तेव्हा त्यानं उडी टाकली आणि पळत सुटला. गाडीवान कोण, ते त्याला माहीत नव्हतं. गाडीत माल होता, वारंग्यावरून नांदेडला जाणार होती. चार दिवसांत ह्याच रस्त्यानं परत येणार, असं गाडीवान बोलला होता.

"चार दिस थांबा," पोरगा म्हणाला. "तो येईल, सांगन."

पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "गाडीवानाचं नाव न्हाई, गाव न्हाई. बैलांचा रंग तरी ध्यानात हाये का, का तेबी अंधारात गेला?" लोक हसले. म्हाताऱ्यानं बेलाकडं बोट दाखवलं. "उचल आन् घरला जाय. आमाला तुझा गाडीवान नको."

पोरगा जागचा हलला नाही.

"काहून उचलत न्हाई रं? ज्याचं पोट साफ त्याला जुलाबाचं काय भ्याव?"

"मी सांगितलं ते खरं हाये. बेल उचलला म्हून ते जास्ती खरं व्हत न्हाई."

म्हातारा भोवताली पाहत म्हणाला, "कॉलेजात देवबी बाटवून राहिले वाटतं."

आता कुणी हसलं नाही. आमच्याकडं बेल नाकारला म्हणजे कबूल केलं, असाच अर्थ होतो. दुसरा अर्थ कुणाला ठाऊकच नाही. त्याचा बाप पुढं आला. तो आडदांड माणूस. पोराला शिकवायला त्यानं भावाबंदांची किती बोलणी खाल्ली होती, ते मला माहीत होतं. तो म्हणाला, "उचल. न्हाईतर आजपासून कॉलेज बंद. आपली गंजी ह्यांच्या दारात टाकतो आन् तुला जलमभर तिफनीला जुंपतो. देवापुढं सांगून राहिलो."

पोरानं बापाकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

ती नजर मदत मागत नव्हती. वर्गात एखादं उत्तर दिल्यावर तो माझ्याकडं पाहायचा, बरोबर आहे ना म्हणून, तशी ती होती. मी मान हलवायला हवी होती. म्हणायला हवं होतं, की पंचहो, हे मीच त्याला शिकवलंय, चार दिवस थांबा, मी पण थांबतो. माझ्या शब्दाला तिथं वजन होतं. गंजीच्या धन्याला चार दिवसांची वैरण मी कुठूनही आणून दिली असती.

पण मला दिसत होता मोडत चाललेला सौदा. बाप एक शब्द बोलून बसला होता, तो त्याला मागं घेता येणार नव्हता. पंच उठायच्या बेतात होते. आणखी एक श्वास गेला असता आणि पोराचं कॉलेज गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर गाडीवानाची गोष्ट मला पटली नव्हती. बाजारात नाव नसलेले साक्षीदार मी फार पाहिले होते. मला वाटलं, पोरानं रागात काडी टाकली असेल, आणि आता देवाला भिऊन बेलाला हात लावत नाही. वर्गातलं वाक्य पुढं करून तो वेळ काढतोय. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, की हा माझ्याकडून घासाघीस शिकला.

मी उठलो. म्हणालो, "दिवेलागनीला तो माझ्या घरी व्हता." आणि गाभाऱ्यात जाऊन पिंडीवरचा बेल उचलला.

गाडीवानाचं मग कुणी नावही काढलं नाही. ह्या माणसानं आयुष्यात शपथ घेतली नाही, हे पंचक्रोशीला माहीत होतं. म्हातारा पंच उठला आणि त्यानं मला हात जोडले. गंजीचा धनी पोराच्या बापाला म्हणाला, चुकलं माझं. बापानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. सगळे मला वाट देत बाजूला झाले. आता लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला मोठा अवघड सौदा जुळवल्याचा आनंद झाला होता.

पोरगा गावाबाहेरपर्यंत माझ्याबरोबर आला. मग थांबून त्यानं विचारलं, "तुमी मला खरा समजून बेल उचलला, का खोटा समजून?"

मी म्हणालो, "सुटलास ना?"

"हे उत्तर न्हाई, मालक."

तो परत फिरला. मी वाटभर त्याला शिव्या दिल्या. ज्याच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा देवाशी खोटं बोललो, तो मला मालक म्हणून गेला. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर तिनं देवापुढं दिवा लावला आणि त्या दिवशी माझ्या ताटात वाढायला ती स्वतः आली नाही, सुनेला पाठवलं.

चौथ्या दिवशी गाडीवान आला.

तो थेट माझ्याकडंच आला, कारण त्याचा डावा बैल लंगडत होता आणि वारंग्याला कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं होतं. मी बैलाचा खूर पाहत होतो आणि तो सहज बोलत होता. त्या ओढ्यापाशी बैल बुजले तेव्हाच पाय मुरगळला असेल, म्हणाला. तिकडं आग लागली होती, एक शिकणारं पोरगं गाडीवर घेतलं होतं, ते उडी टाकून आगीकडं पळालं, चप्पल माझ्या गाडीतच राहिली. त्यानं गाडीतून चपला काढून दाखवल्या. म्हणाला, काल रात्री तिथून आलो तेव्हा गाव निजलं होतं, आता पुन्हा माल घेऊन जाताना त्या गावात देऊन जाईन, नि आग कशानं लागली तेही विचारीन.

माझ्या हातातला खूर सुटला.

पोरगा खरं बोलत होता. शब्द न् शब्द. आणि आता ह्या गाडीवानानं त्या गावात जाऊन तोंड उघडलं असतं, तर पोरगा सुटला असता आणि मी संपलो असतो. दिवेलागणीला तो ओढ्यावर गाडीत होता, तर माझ्या घरी कसा असेल? पिंडीवरून खोटा बेल उचलणाऱ्या दलालाच्या रुमालाखाली पुन्हा कोण बोट घालणार? माझं घर, माझी मुलं, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. चार दिवस थांबायला हवं होतं. फक्त चार दिवस. खरं स्वतःच्या पायांनी चालत येत होतं, आणि मी त्याच्या वाटेत जाऊन बसलो होतो.

मी गाडीवानाला सगळं सांगितलं. बेलाचं नाव काढताच त्यानं कानांना हात लावले. म्हणाला, देवाच्या दारातली गोष्ट हाये, मी कशाला तोंड घालू, मला पोरंबाळं हायेत. मग त्यानं विचारलं, खुराला काय बांधायचं? मी सांगितलं. चपला माझ्या ओट्यावर ठेवून तो गेला.

पण पोरगा रोज ओढ्यावर त्याची वाट पाहत होता. गाडी तिथं पोचली तेव्हा तो तिथंच होता. गाडीवान त्याला काय बोलला ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात, ऐन गर्दीत, माझ्या हाताखाली दोन माणसांची बोटं असताना, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी सौदा अर्धा टाकून त्याला लिंबाखाली नेलं.

तो संतापलेला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळू बोलत होता.

"मी पंचांकडं जानार न्हाई. तुमचा बेल खोटा पाडनार न्हाई. लोक तुमाला बाजारात उभं राहू देनार न्हाईत, ते मला समजतं."

मी सुटकेचा श्वास टाकला. तो त्यानं पाहिला.

"पन त्या बेलाच्या जोरावर मी कॉलेजातबी जानार न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. माजलास म्हणालो. तुझ्यासाठी मी देव विकला म्हणालो. नीतीचं पुस्तक चाटत बस, बाप राबून राबून मरेल, म्हणालो. बाजार थांबून आमच्याकडं पाहत होता. मी थकलो तेव्हा तो म्हणाला, "तुमी माझ्यासाठी उचलला न्हाई. तुमाला वाटलं मी पेटवली. पेटवनाऱ्यासाठी उचलला तुमी. त्याच्या वाटच्या बेलावर मी कसा शिकू?"

चपला ओट्यावर आहेत, घेऊन जा, एवढंच मला सुचलं. तो अनवाणीच गेला. चपला नंतर मी माणसाबरोबर पाठवल्या.

त्यानं बापाला काय सांगितलं, कसं पटवलं, मला कळलं नाही. पण त्यांनी आपल्या गंजीतला अर्धा कडबा शेजारधर्म म्हणून त्या शेतकऱ्याला दिला, आणि त्याचे बैल विकायचे राहिले. त्यावर गाव काय म्हणालं? बेल उचलला तरी मनात खातंय, न्हाईतर फुकट कडबा कोन देतो. माझ्या खोट्यानं त्याला आळातून सोडवलं होतं, आणि त्याच्या चांगुलपणावरून लोकांनी तो आळ परत त्याच्या अंगावर टाकला. गंजी कशानं जळाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. उन्हाळ्यात गंज्या जळतातच.

कॉलेज उघडलं. बाकीची पोरं गेली. वकीलसाहेबांनी विचारलं, तो काहून गेला नाही? मी म्हणालो, बाप पाठवत नाही. हे दुसरं खोटं. पहिल्यासाठी निदान बेल तरी उचलला होता, हे तर नुसत्या तोंडानं झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी वर्गाला जायचं बंद केलं. वकीलसाहेबांना सांगितलं, धंदा वाढलाय. बाळापूरच्या बाजाराला जाताना त्याचं शेत रस्त्यावरून दिसायचं. तो तिफणीमागं असायचा. मी गाडीतून मान वळवून दुसरीकडं पाहायचो आणि मनात त्याच्याशी भांडायचो. असं भांडण मी वर्षानुवर्षं केलं. त्याच्या बाजूनं बोलायला मनात कुणी नव्हतं, तरी मी एकदाही जिंकलो नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या नंतरच्या थंडीत गावोगाव मराठी शाळा काढायची धांदल उडाली. जिथं तिथं मास्तर पाहिजे होता, आणि शिकलेलं माणूस मिळत नव्हतं. त्यांच्या गावच्या शाळेसाठी मास्तर नेमायला तिघंजण बसलो: वकीलसाहेब, तालुक्याचा एक कारकून आणि मी. मला का घेतलं? माझा शब्द चालतो म्हणून. बेलाची गोष्ट लोकांनी इतक्यांदा सांगितली होती, की आता खोटं बोलणाऱ्याला बाजारात दटावताना माझं नाव घेत.

तो आला. केस कानांवर पिकले होते, वय काही नव्हतं तरी. हात नांगराचे. वकीलसाहेबांना आता दिसत नव्हतं. त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि आनंदानं विचारलं, "अरे, तू माझ्या वर्गातला. तुझ्यासारख्या पोरानं इंटर अर्ध्यावर का सोडलं?"

कारकून लिहायला टाक हातात घेऊन बसला होता. मी तोंड उघडलं. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला वाटतं मी सांगणार होतो. अगदी खात्रीनं मात्र म्हणता येत नाही. मी "वकीलसाहेब, ते असं झालं" इथपर्यंत आलो होतो.

"वडलाची तब्येत बरी नव्हती," तो म्हणाला. "घरी करनारं कुनी नव्हतं."

त्याचा बाप तेव्हाही धडधाकट होता, आजही पाटाचं पाणी एकटा वळवतो. दोन चुलते शेजारी होते. त्यानं हे असं सरळ, न अडखळता सांगितलं, की कारकुनानं मान न उचलता लिहून घेतलं. ह्या पोरानं मला वर्गात कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. पंचांपुढं तो खोट्यासाठी सोडा, खऱ्यासाठीसुद्धा वाकला नव्हता.

वकीलसाहेब माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "ह्याच्या चालचलनाची हमी तुम्ही द्याल?"

"देतो," मी म्हणालो. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. विचारलं, तू खोटं काहून बोलला? मी सांगणारच होतो.

तो हसला. कडू नाही, साधं हसला. "जाऊ द्या आता. तुमचं वय झालं."

मी भडकलो. वय झालं म्हणजे काय, असं ओरडायला छाती भरून घेतली. त्यानं मला सोडून दिलं होतं. म्हाताऱ्या बैलाला चारा घालतात तसं त्यानं माझ्यासाठी एक खोटं खर्चलं होतं, आणि मी त्याचा हात धरून नको म्हणू शकत नव्हतो, कारण मला ते हवं होतं. आत तोंड उघडलं तेव्हाही हवं होतं. तो बोलला तेव्हा मी ते मिटून घेतलं, हे त्याला कळलं असणार.

मी ओरडलो नाही. फळा कुठून आणणार, असं विचारलं. तो म्हणाला, सध्या भिंत काळी करतो. मग गावाच्या वाटेला लागला. मी त्याला गाडीत बस म्हणालो, तर म्हणाला, चालायची सवय आहे. गाडी हळू हाकत मी बराच वेळ त्याच्या मागून गेलो. पुढं काढायचं धैर्य झालं नाही.